गुरुवारचे डबे

— मान खाली. अजून थोडी. हं, अशी. आता हलू नका, कात्री मानेशी आहे — धमकी नाही हो, आपलं सांगते. तर तुम्ही डब्लिनहून आलात, आणि मुलगा सप्टेंबरपासून आमच्या शाळेत जाणार. बरं. आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न काय विचारलात? शाळेत दुपारचं जेवण कसं असतं! बाई कशा आहेत, नाही. पोरं मारकुटी आहेत का, नाही. थेट जेवण. म्हणून विचारते, राग मानू नका — तुम्हाला त्या डबेवाल्या कंपनीनं तर नाही ना पाठवलं? हसताय. हसा. ब्रोनासुद्धा अशीच हसली होती.

ब्रोना म्हणजे माझी मैत्रीण. होती. एका बाकावर शिकलो आम्ही, याच शाळेत, तेव्हा घरून सँडविच न्यायचो आणि एकमेकींच्या केकवर नजर ठेवायचो. आता सरकार देतं. प्रत्येक मुलाला गरम जेवण, फुकट. आम्ही तर नाचलोच! सकाळी उठून डबा भरायचा जाच गेला म्हणून. पण येतं काय? दोन परगणे पलीकडच्या कारखान्यात शिजलेलं, प्लॅस्टिकच्या डब्यात बंद, इथे पुन्हा तापवलेलं. सॉसेज आणि गोड सॉस. पास्ता आणि गोड सॉस. कोंबडीचे म्हणे गोळे, त्यात कोंबडी शोधावी लागते — आणि वर गोड सॉस. माझी साईव्ह सात वर्षांची आहे. रविवारी आईकडे गेलो, आईनं बेकन-कोबी केलेला, लोण्यातले बटाटे, आणि ही पोरगी ताट सरकवून म्हणते, “यावर लाल सॉस नाही?” बटाट्यावर! माझी आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मी अजून विसरले नाहीये. मग दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दाढा काढाव्या लागतील, भूल देऊन. सातव्या वर्षी! मी तिच्या खोलीत चॉकलेटं शोधली. गादीखाली, दप्तरात, सगळीकडे. नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

डावीकडे बघा. थोडं कमी करते इथे. — हो ना, तुम्हालाही वाटतंच ना तसं? की मला बोलतं करताय? करा. सगळ्या गावाला माहीत आहे, लपवण्यासारखं काही नाही.

सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा आम्ही आया इथेच जमायचो, याच खुर्च्यांवर. मागणी साधी होती. गावच्या खेळाच्या क्लबच्या हॉलमागे स्वयंपाकघर आहे, धूळ खात पडलंय. तिथे स्वयंपाकी ठेवा, भाज्या आसपासच्या शेतांतून घ्या, आणि मुलांच्या पानात साखर किती, मीठ किती हे शाळेच्या नियमात लिहून काढा. फक्त आमच्याच नाही, पुढे सगळ्या परगण्यात तसा नियम व्हावा. शाळेच्या मंडळात कंपनीचं कंत्राट पुन्हा मतदानाला येणार होतं. मुख्याध्यापक टूही सर म्हणायचे, “बायकांनो, फुकट मिळतंय त्याला नावं ठेवू नका.” पण मंडळातले निम्मे लोक आमच्या बाजूनं झुकले होते, खरं सांगते. फक्त त्यांना एकदा तो डबा उघडून दाखवायचा होता.

तर आम्ही काय केलं, आरोग्य खात्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं, शाळेला न सांगता. त्या दिवशी डब्यांत काय निघालं? भाजलेली कोंबडी, गाजरं, वाटाणे! गाजरांना चव होती हो, मी खाऊन बघितलं! बाई म्हणाल्या, छान आहे की. आम्ही सगळ्या मूर्खासारख्या उभ्या. बरं, म्हटलं, योगायोग असेल. मग ठरवलं, क्लबच्या हॉलमध्ये मंडळाला आपल्या हातचं सूप पाजायचं. तर आदल्या दिवशी कंपनीची माणसं क्लबात हजर — पोरांच्या हर्लिंगच्या संघाला नव्या जर्सी! आता जर्सी घेऊन वर कंपनीच्याच विरोधात हॉल कोण देणार? सूप आम्ही घरीच प्यायलो.

म्हणजे आमच्यातलंच कोणीतरी कंपनीकडे बातमी फोडत होतं. कोण? मी एकेकीकडे बघायला लागले. कोण फोनवर बोलता बोलता बाहेर जाते, कोणाच्या घरी नवा फ्रिज आला. आणि ब्रोनाचा भाऊ कंपनीच्या ऑफिसात. झालं! सगळ्यांसमोर विचारलं तिला. ती म्हणाली, “अगं डर्व्हला, वेड लागलंय का तुला? माझी दोन्ही पोरं तेच खातात.” मी म्हटलं, “भाऊ कोणाचा आहे मग?” तर म्हणते, “आणि नवरा कोणाचा आहे?”

हो. तुम्हाला कोणीतरी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगते. माझा कॉर्मक कंपनीची गाडी चालवतो. डब्यांचीच. पण त्याचा काय संबंध! तो म्हणतो, “मी दार उघडतो, क्रेट उतरवतो, दार लावतो. आत काय आहे ते मला विचारू नकोस.” मांसाचा कारखाना बंद पडला तेव्हा दीड वर्ष घरी होता हो. सोफ्यावर बसून हवामानाच्या बातम्या ऐकायचा, शेतकऱ्यासारखा, आणि आम्हाला कुंडीभरसुद्धा शेत नाही. ही गाडी मिळाली आणि माणूस सकाळी शीळ घालायला लागला. दाढी करायला लागला. म्हणून मी ब्रोनाला म्हटलं, कॉर्मकचं नाव पुन्हा तोंडातून काढलंस तर या दुकानाची पायरी चढू नकोस. ती उठली ती गेलीच. आता केस कापायला पार कॅसलबारला जाते. आणि तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. बाकीच्या येतात, पण गप्प बसतात. मी बोलावलं तर येतात, एवढंच.

आणि एवढं करून बातम्या फुटणं थांबलं का? नाही ना! म्हणूनच तर तुमच्याकडे असं बघतेय मी. मतदानाच्या आधी शेवटचा डाव म्हणून मी साप्ताहिकाच्या वार्ताहराला बोलावलं, गेल्या गुरुवारी. या वेळी एकीलाही सांगितलं नाही. फोन इथून केला नाही, चर्चजवळ उभी राहून केला. वार्ताहरालाही चर्चपाशीच बोलावलं, कुठं जायचंय ते शाळेच्या फाटकाशी आल्यावर सांगितलं. आणि डबे उघडले तर — कोंबडी, गाजरं, आणि वर गव्हाचा ब्रेड! त्यानं फोटो काढला, छापला. मंडळानं तो बघितला आणि कंपनीच्या बाजूनं हात वर केले. कंत्राट तीन वर्षांसाठी कंपनीला. टूही सरांनी मला बिस्किट पुढे केलं.

तर सांगा, कोणी फोडलं? वार्ताहराला माहीत नव्हतं. बायकांना माहीत नव्हतं. मी एकटी, आणि तरी. फोन ऐकतात म्हणे ते. ऐकत असतील. मी कोणापाशी बोललेच नाही. घरी फक्त, बुधवारी जेवताना, साईव्ह म्हणाली उद्या सॉसेज आहेत, तर मी म्हटलं, असू देत, उद्या पेपरवाले बघतील ते सॉसेज — ते सहज, जेवताना, तिच्याशी —

कॉर्मक समोर बसून बटाटे सोलत होता. त्यानं मान वर केली नाही.

...

आहारतज्ज्ञ बाईंचंही मी जेवतानाच... आणि सूप तर आमच्याच चुलीवर करून बघितलं होतं. त्यानं चाखलं. म्हणाला, छान झालंय, मीठ जरा कमी.

काही नाही. काही नाही हो. झाले तुमचे केस. मागून आरसा दाखवू? नको? बरं. अंगावर केस राहिलेत, ते... झटका तुम्हीच.

नाही, पाणी नको. आज बंद करते लवकर. ब्रोना शाळेमागच्या गल्लीत राहते, तुम्ही तिकडूनच जाल, तिला जर — नको. तुम्ही काही सांगू नका. मलाच जावं लागेल. कोणत्या तोंडानं, ते बघते.

उठा. छत्री घ्या. आणि दार ओढून घ्या जाताना.