सत्कार काही संपेनात

मानवत गावात एक होती आजी, तिला एक नात. आजी म्हंजे मीच, नात गौरी. लेकरांना व्हायोलिन शिकवायला मदत जमवायची म्हणून परभणीत कार्यक्रम ठेवला होता. व्हायोलिनचे एक मोठे गुरुजी आले होते; ते ज्या लेकराचं वाजवणं पसंत करतील, त्याला फुकट शिकवणार. पण शाल झाली की नारळ, नारळ झाला की भाषण! गुरुजींच्या रेल्वेचा टाइम झाला, ते उठायला लागले.

पडद्यामागं व्हायोलिन घेऊन थांबलेली गौरी रडकुंडीला आली. "आजे, गुरुजी चालले!"

म्या म्हणलं, "मंग बघती काय? वाजीव!"

पोरीनं भर भाषणात व्हायोलिनच्या तारांवर गज ओढला. भाषण करणारा पुढारी माईक सोडून बाजूला सरला. लोकांनी टाळ्या कुटल्या.

गुरुजी परत बसले. "रेल्वे जाऊ द्या. वाजीव पोरी."

आता गौरी त्यांच्याकडंच शिकायलीय, अन् आमच्या घरात दुपारची झोप कुणालाच न्हाई.