वळणाला पडलेलं नाव

त्या सकाळी मी गोठा झाडला, शेळीला पाला टाकला, भाकरी थापून घरधन्यांचा डबा बांधला. ते सोयाबीन भरून पिकअप घेऊन मंठ्याला निघाले. मी ज्वारी निवडायला बसले आणि फोन आला.

पण मान देण्याआधीच मी बोलू लागले. आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील पाहुणे, बदली होऊन निघालेल्या आपल्या तृप्ती मॅडम, आणि वाटूरच्या माझ्या माणसांनो, सर्वांना नमस्कार.

घरधन्यांच्या पिकअपचा अपघात पाहणाऱ्याने मदतीच्या नंबरवर सांगितलं होतं, "भुजंगच्या मळ्यापाशी." गावात हे पोराटोरांना कळतं. नियंत्रण कक्षातल्या माणसाला कसं कळावं? त्याच्याकडे किलोमीटरचे आकडे. विचारत विचारत रुग्णवाहिका आली तीही पलीकडच्या बाजूला, मध्ये दुभाजक. वळून येईपर्यंत उशीर झाला होता.

पुढे या रस्त्याची नवी यंत्रणा आखायला मॅडम आल्या. कॅमेरे, 'पुढे अपघात, सावकाश' सांगणारे दिव्यांचे फलक, क्रेन कुठे उभी राहील ते. मी ते सगळं त्यांच्याकडून कागद मागून वाचलं. वाचायची खोड जुनी आहे. पण आखणीआधी मॅडम ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसल्या आणि विचारलं, "अपघात दिसला तर फोनवर जागा कशी सांगाल?"

माझी शेजारीण झुंबरबाई म्हणाली, "किलोमीटर कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय बाई? तुमच्या कंपुटरलाच आमचे मळे शिकवा."

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "शिकवते. सांगा."

मंग काय, एकेकाचा मळा, विहीर, पूल निघाला. प्रत्येक जागेला मॅडम विचारायच्या, मंठ्याकडची बाजू की जालन्याकडची? भुजंगचा मळा आला तेव्हा भुजंगच खाली बघून बोलला, "आता माझं नाव कुणी घेत न्हाई तिथं. कल्याणचं वळण म्हणतेत."

माझ्या घरधन्यांचं नाव.

मॅडम घरी आल्या. "ताई, लोक फोनवर हेच नाव घेतील. यंत्रणेत टाकू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही टाकणार."

मी नको म्हणाले. दर अपघाताला त्यांचं नाव का निघावं? आणि मी स्वतः ते लग्नातल्या उखाण्यानंतर कधी उच्चारलेलं नव्हतं. आमच्यात बायका घेत नाहीत.

मॅडम गेल्यावर झुंबरबाई म्हणाली, "तू नको म्हणलीस म्हणून लोक थांबतेत व्हय, दैवशाला? नाव तेच घेतील. गाडी तेवढी चुकंल."

यंदा त्याच वळणावर आपल्या गावच्या सुमितचा टेम्पो उलटला. मागचे फलक लागले, मागच्या गाड्या सावकाश झाल्या, रुग्णवाहिका बराबर त्याच्याच बाजूने आली. सुमित तिसऱ्या रांगेत बसलाय, काठी घेऊन. काठी सुटेल म्हणतात डॉक्टर.

मॅडम, नव्या गावीही आधी ओट्यावर बसा. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर आपली समजून पोटात घाला.

एवढंच सांगायचं राहिलं. झुंबरबाई बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नियंत्रण कक्षात गेले आणि मॅडमना माझ्या तोंडाने सांगितलं: कल्याणचं वळण, मंठ्याकडे जाणारी बाजू.