गोळी घालीन आणि गुळाची पळी

…आन् वर तोंड करून म्हणतात काय, "मल्लिनाथराव, बाकी एकदम टकाटक, फक्त चक्र जरा अडकतंय, किरकोळ काम हाय!" किरकोळ! तुमाला सांगतो, ह्या शब्दावर सरकारनं बंदी घातली पायजे. डॉक्टर किरकोळ म्हणतो आन् सात टाके घालतो, गवंडी किरकोळ म्हणतो आन् भिंत पाडून ठेवतो, आन् बार्शीच्या ह्या वीरभद्रप्पांनी किरकोळ म्हणत म्हणत माझ्या गळ्यात जुनं रिव्हॉल्वर मारलं… रीतसर हं! त्यांचा परवाना, माझा परवाना, कचेरीची परवानगी, सगळं कागदावर. चोरीचा माल न्हाई.

आता तुमी म्हणाल, भवानी पेठेतल्या सुताच्या व्यापाऱ्याला रिव्हॉल्वर कशाला? अहो, दुकानाचं शटर दोनदा फोडलं! सूत न्हेऊन चोर काय विणणार हुता कुणास ठाऊक, पण फोडलं. मग केला अर्ज, दोन वर्षं चपला झिजवल्या. शेवटी चौकशीला हवालदार घरी आला आन् आमच्या मंडळींना, चंद्रिकाला, विचारतो, "वहिनी, शेठचा स्वभाव कसा हाय?" हिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. भिंतीवर मी आदल्या आठवड्यात भिरकावलेल्या आमटीच्या वाटीचा डाग हुता. म्हणाली, "शांत हायेत." हवालदारानं लिहून घेतलं. सरकारदरबारी मी शांत माणूस हाय, कागद दाखवू?

बार्शीला बंदूक बघायला हीपण आली हुती. वीरभद्रप्पा अठ्ठ्याहत्तरीचे, अडत कधीच बंद केलेली, बायको वारलेली, एकटे. रिव्हॉल्वर दिलं चामड्याच्या पाकिटात आन् वर एक पितळी पळी! बारीक चोचीची, आपली पूजेची असती तसली. म्हटलं, "आप्पा, बंदुकीवर पळी फुकट?" म्हणाले, "खंडेनवमीला हत्याराची पूजा करताना लागती. दोघींची जोडी हाय, तोडू नका." आन् पळी दिली हिच्या हातात, माझ्या न्हाई! दोघं कोपऱ्यात कानडीत बराच वेळ कायतरी कुजबुजले. मी लक्ष दिलं न्हाई. मी तवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून बघत हुतो.

आता माझी एक सवय तुमाला सांगतो. माझ्या तोंडात शब्द हाय, 'गोळी घालीन'. चहा गार झाला, गोळी घालीन. लाइट गेली, गोळी घालीन त्या वायरमनला! तीस वर्षं म्हणतोय, पेठेत कुणी मान वळवून बघत न्हाई. गल्लीतले शेखलालभाई, त्यांची नात आयत, पाच वर्षांची, ती तर मला 'गोळीकाका' म्हणायची आन् हात पुढं करायची. तिला वाटायचं लिमलेटची गोळी! मीपण बरणीत आणून ठेवायचो.

तर बंदूक घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी काय झालं… आमचा धाकटा भाऊ प्रभुलिंग, वरच्या मजल्यावर ऱ्हातो, त्यानं आपली मोटारसायकल लावली माझ्या दुकानाच्या दारात. रोजचंच हाय हे. मी रोजच्यासारखा वरडलो, "पर्भ्या, गाडी काढ, न्हाईतर गोळी घालीन!" त्यो रोज काय म्हणतो? "घाल की अण्णा, पण आधी चहा पाज." त्या दिवशी चहाचं नावच न्हाई. माझ्या कंबरेकडं बघितलं. अरे, कंबरेला मोबाइलचं पाकीट हुतं रे! पण त्यानं गपचूप गाडी काढली. वरनं त्याच्या बायकोनं पोरांना आत वढलं, आन् आयत… आयत शेखलालभाईंच्या दाराआड जाऊन उभी ऱ्हायली.

घरात आलो तर चंद्रिका म्हणती, "ब्याड री." ही घाबरली की हिची मराठी आटती आन् नुसती कानडी उरती. ब्याड री, म्हंजे नको हो. मी म्हटलं, अगं, चक्रच फिरत न्हाई, नुसतं लोखंड हाय ते! पण ऐकंल तो मल्लिनाथ कसला? दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक घेऊन शेखलालभाईंकडं हजर. पिढीजात दुरुस्तीवाले, भिंतीवर परवाना टांगलेला. त्यांनी बंदूक खोलली आन् चष्मा कपाळावर चढवला. "मालक, ये बंदूक है की देवघर?" आतनं निघाली हळद, निघालं कुंकू, निघाल्या अक्षता! आन् त्याच्या खाली काळंकुट्ट, दगडासारखं कायतरी. भाईंनी बोटाला लावून चाटलं. "गूळ है मालक! पाक करके डालेला है. एक बार नै, कितने तो बार." म्हटलं, निघंल का? "हौ, कायकू नै निघंल? गरम पानी, तेल… किरकोळ काम है!"

घ्या! माझं डोकं असं फिरलं की तितल्या तितं बार्शीला फोन लावला. "आप्पा, बंदुकीत गूळ निघाला! फसवलं मला! असल्या माणसाला गोळी…" आन् जीभ चावली. कारण भाई बघत हुते, आन् दाराआडनं आयत बघत हुती.

पलीकडनं आप्पा शांतपणे म्हणाले, "घालीन म्हणा की. मीबी हेच म्हणायचो. एकदा खरंच काढली हुती मल्लिनाथराव, सख्ख्या भावावर. बांधावरनं. चाप वढला… चक्र हललंच न्हाई." म्हणाले, "मला वाटायचं गंज हाय. आमची बायको दानेश्वरी दर खंडेनवमीला त्या पळीनं पाक वतायची, नैवेद्य म्हणून. जाताना कानात सांगून गेली. तुमचा राग लई वाईट, म्हणाली, म्हणून मी बंदुकीचं तोंड गोड करून ठेवलं."

म्हटलं, "आन् भाऊ?"

"हाय की. कालच जेवायला आला हुता."

"मग तुमी दुरुस्त का न्हाई केली?" "हात धजला न्हाई." "अहो, मग मला कशाला विकली?" तर म्हणतात, "विकणार नव्हतो. पण तुमच्या मंडळींना बघितलं आन् म्हटलं, द्यायला हरकत न्हाई."

मला बार्शीच्या कोपऱ्यातली ती कानडी कुजबूज आठवली. दोन वर्षं मी समजत हुतो, माझी बायको चोराला भेती. ती मला भेत हुती हो. तीस वर्षं माझ्यासंगं ऱ्हाऊन, हवालदाराला शांत हायेत म्हणून सांगून, भेत हुती. लई वाईट वाटलं. चोर एकदा शटर फोडून जातो, मी तर रोज घरातच असतो की.

बंदूक झाली दुरुस्त. भाईंनी चक्र फिरवून दाखवलं, लोण्यासारखं फिरतंय. आणून कपाटात ठिवली, कुलूप लावलं. प्रभुलिंगची गाडी आता दारात नसती, पार गल्लीच्या टोकाला असती. दार मोकळं, दुकान मोकळं… तुमाला सांगतो, असलं मोकळं दार बघवत न्हाई.

आन् परवा आली खंडेनवमी. पाट मांडला, कात्री ठिवली, वजनकाटा ठिवला, शेजारी बंदूक ठिवली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आन् ती पितळी पळी, घासून लख्ख. चंद्रिका आतनं आली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "अहो, गूळ संपलाय. अर्धा किलो आणता का? लवकर इतळणारा बघून आणा."

मी पळीकडं बघितलं. बंदुकीकडं बघितलं. पायात चपला घातल्या.

दुकानदारानं गूळ कागदात बांधला, वर मी लिमलेटच्या गोळ्यापण घेतल्या मूठभर. त्यो म्हणतो, "काय शेठ, सणाचं दिसतंय! पुरणपोळ्या का?"

म्हटलं, "न्हाई हो… किरकोळ काम हाय."