टिलीचं गरम जेवण

ब्रँडन शहरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात सात खुर्च्या, चार माणसं, दोन कुत्री आणि एक मांजर होतं. बाहेर तापमान उणे एकतीस होतं. माझ्यासमोर लोर्न आणि मार्लिस हे म्हातारं जोडपं बसलं होतं. पायाशी त्यांची हाडं दिसणारी अल्सेशियन, टिली.

"आज वजन आणखी उतरलं असेल, तर डॉक्टर काय म्हणतील ठाऊक आहे ना?" मार्लिस म्हणाली.

"नाही उतरणार."

"मागच्या वेळीही हेच म्हणालास."

"मागच्या वेळी मी तिचं जेवण गरम करत होतो."

"पोटात पाचकरस बनत नाहीत म्हणून डॉक्टरांनी पावडर दिली, आणि तू ती कालवून सगळं मायक्रोवेव्हमध्ये उकळत होतास. दोन महिने!"

"अगं, एवढ्या थंडीत गार जेवण कसं द्यायचं?"

"उष्णतेनं पावडर वाया जाते, हे डब्यावर लिहिलंय."

"मुंग्यांना वाचता येईल एवढ्या अक्षरात."

"आणि मी त्या बिचाऱ्या पावडरीला शिव्या घालत होते."

"आता गारच देतो ना? कालवून वीस मिनिटं ठेवतो. ती माझ्याकडे बघते, मी घड्याळाकडे."

"आणि शी?"

"घट्ट. कालची तर फोटो काढण्यासारखी होती."

"काढलास?"

"दोन."

"टिलीला आणा," नर्सने हाक मारली.

टिली काट्यावर चढली. मार्लिसने लोर्नची बाही धरली.

"मागच्या महिन्यात किती होतं?" नर्सने विचारलं.

"तेवीस पॉइंट चार किलो."

"आज सव्वीस पॉइंट एक."