मऊ नाकाची गोळी

ऐका. ए सर्जेराव, तिथं नको बसू, इकडं सरक. त्या जागेवर आमच्या घरचं कुणी बसत नाही. का बसत नाही ते शेवटी सांगतो. तेवढं लाकूड शेकोटीत पुढं सारा, आणि मध्येच 'मग काय झालं' असं विचारू नका. झालं ते मी सांगणारच आहे, न झालेलं सांगायला मला येत नाही.

तर हैबती म्हणून एक गडी होता. आपल्याच आंबेखोलचा. दिवस मावळला, अंधार पडला, आणि हा डोंगरापल्याडच्या नाचणीच्या शेतातनं घराकडं निघाला. एकटा. हातात कंदील, खांद्याला बंदूक. वाटा दोन. एक डोंगराच्या धारेवरनं, लांबची. दुसरी कोंडीतनं, म्हणजे दोन डोंगरांमधल्या घळीतनं, ओढ्याच्या काठाकाठानं, जवळची. माणसाला घाई असली की कुठली वाट दिसते? जवळची. हा शिरला कोंडीत.

आता घाई कशाची? घरची ओढ म्हणाल तर तसं नव्हतं. मागं जे करून ठेवलं होतं, त्यापासनं लांब जायची घाई होती.

त्याचं असं झालं. हैबतीची बायको भागू बाळंत झाली होती. मुलगा. सव्वा महिना अजून व्हायचा होता. पूर्वी आपल्याकडं म्हणायचे, तान्ह्या पोराला भेकराच्या कातड्यावर निजवलं की ते पोर जन्मात कशाला भीत नाही. भेकर म्हणजे ते लहान हरीण हो, कुत्र्यासारखं भुंकतं ते. हैबतीनं ते मनावर घेतलं. भागूचा भाऊ राऊ पलटणीत होता, रजेवर आला होता, आणि येताना एक बारकी रायफल घेऊन आला होता. बारकी म्हणजे किती? नळीत करंगळीचं टोक जायचं नाही. गावातल्या ठासणीच्या बंदुकांपुढं ती पोरांच्या खेळातली वाटायची. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. आज कराल तर तुरुंगात बसाल, आणि मी सोडवायला येणार नाही.

त्या दिवशी सकाळी हैबती उंबऱ्यात बसला. पुढ्यात दोन पुडे. एकात टणक गोळ्या, टोकापर्यंत तांब्यानं मढवलेल्या. दुसऱ्यात मऊ नाकाच्या, टोकाला शिसं उघडं. आत दाराजवळच पाळणा, आणि भागू पोराला झोका देत होती.

राऊ म्हणाला, "दाजी, बंदूक बारकी असली की गोळी निवडून घ्यावी लागती. ही टणक सुईगत जाती. ह्या अंगानं आत, त्या अंगानं भाईर. जनावर पडत न्हाई, पळतंय, आन् लांब जाऊन हाल हाल हून मरतंय. मऊ नाकाची आत जाऊन फुलती. जनावर जाग्यावर बसतंय."

"आन् कातड्याला भोक केवढं पडतंय?"

"पडतंय की. मूठ जाईल एवढं."

"मग नगं. लेकराच्या अंगाखाली भोकाचं कातडं घालू व्हय?"

भागू आतनं बोलली, "अवं, सव्वा म्हैना तरी हू द्या. आत्ता नगं रगात."

"मी काय घरात मारनार हाय?" हैबती म्हणाला आणि त्यानं टणक गोळ्यांचा पुडा खिशात घातला.

राऊनं वाद घातला नाही. दाजींशी वाद कोण घालणार? त्यानं मऊ नाकाची एक गोळी उचलली आणि हैबतीच्या मुंडाशाच्या शेवात खोचली. "येक तरी असू द्या. जनावर अर्धं ऱ्हायलं तर उपेगी पडंल." बायकोचं ऐकलं नाही, मेहुण्याचं ऐकलं नाही, आणि आमचा शहाणा निघाला डोंगराला.

तिन्हीसांजेला नाचणीच्या कडेला भेकर आलं. ह्यानं नेम धरला. टप्! एवढाच आवाज, कोरडी काटकी मोडावी तसा. भेकर उसळलं, क्षणभर उभं राहिलं, आणि गेलं झुडपात. ह्यानं जाऊन बघितलं. गवतावर रक्त. गुलाबी, फेसाळ. फेस आला की समजायचं, फुफ्फुसात लागली. थेंब ओढ्याच्या वरच्या अंगाला चालले होते, डोहाकडं. गाव खालच्या अंगाला.

आता आपल्या गावचा जुना नेम काय? जखमी जनावर रानात टाकून घरी यायचं नाही. अंधार पडो, पाऊस लागो, मागानं जायचं आणि त्याचे हाल संपवायचे. कारण टाकलेल्या जनावराचा माग मागकरी काढतो. मागकरी म्हणजे माग काढणारा. जिवंतपणी तो कोण होता, कुणाला ठाऊक नाही. तो जनावराकडं जात नाही. तो उलटा निघतो. रक्त जिथनं सुरू झालं तिथं पोचतो, आणि जनावराच्या बदली तिथला एक जीव नेतो.

हैबतीला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण अंधार झाला होता, डोहाकडची चढण वाईट होती, आणि घरी भाकरी गरम होती. तो मनाशी म्हणाला, निसटती लागली असंल. जगंल ते. दुसऱ्याला खोटं सांगितलं तर कधीतरी पकडलं जातं. स्वतःला सांगितलं की पचतं. तर असा हा गडी कोंडीत शिरला, आणि आता पुढचं ऐका.

थोडं चालला असेल. कंदिलाच्या उजेडात वाटेवर काही चमकलं. रक्ताचा थेंब. पुढं दुसरा. पुढं तिसरा. गुलाबी, फेसाळ. हैबतीला काय वाटलं? आनंद झाला! भेकर वळून खालीच आलं म्हणायचं. गावाच्या वाटेवरच पडलेलं सापडेल, डोह नको आणि चढण नको. हा थेंबावर नजर ठेवून भराभरा निघाला.

पुढं वाटेत एक माणूस. डोक्यावरनं घोंगडं, कमरेत वाकलेला. भुईवर बोट टेकवून ते जिभेला लावत होता.

"ताजं हाय," तो मान वर न करता म्हणाला. "चल गड्या, मी दावतो माग."

हैबतीला वाटलं, असेल कुणी धनगर. रानात सोबत मिळाली तर कुणाला नको असते? दोघं निघाले. घोंगडंवाला पुढं, हा मागं. तेवढ्यात भेकर भुंकलं. भ्वाक्! पण पाठीमागं, लांब, डोहाच्या अंगाला.

"मामा, आवाज मागनं आला की."

"ते दुसरं आसंल. गोळी कुठली घातलीस?"

"मऊ नाकाची," हैबती खोटं बोलला.

घोंगड्यात खुसखुस झाली. "मऊ नाकाचं रगात आसं थेंबथेंब सांडत न्हाई. उंबऱ्यात बसून टनक निवडलीस न्हवं? कातड्यापायी?"

आता मला सांगा, उंबऱ्यातली गोष्ट ह्याला कशी कळली? हैबतीला थांबायचं होतं. पाय मात्र थांबेनात. समोर गावाची हद्द दिसायला लागली. त्यानं कंदील खाली धरला आणि थेंब नीट बघितला. हे ध्यानात ठेवा बरं का. पळत्या जनावराचा थेंब पडला की त्याला बारीक शेपटी फुटते, आणि जनावर जिकडं गेलं तिकडं ती शेपटी असते. ह्या थेंबांच्या शेपट्या मागं होत्या. रानाकडं. म्हणजे हे दोघं मागानं चालले होते, पण उलटे!

त्यानं कंदील तसाच पुढं सरकवला. घोंगड्याखाली पाय दिसले. टाचा पुढं, बोटं मागं. मग उलटा माग काढणाऱ्याचे पाय आणखी कसे असणार?

हैबती जागीच थांबला. "मला सोड," म्हणाला. "रगात जिथं सुरू झालं ते शेत तर मागंच ऱ्हायलं. तुला जीव न्यायचा तर तिथला न्यायचा हुतास."

"शेतात जनावर हुबं हुतं," मागकरी म्हणाला. "रगात तिथनं सुरू हुईत न्हाई गड्या. गोळी जिथं निवडली तिथनं हुतंय."

गोळी कुठं निवडली? उंबऱ्यात. उंबऱ्याच्या आत काय? पाळणा. ज्या पोरासाठी कातडं बिनभोकाचं हवं होतं, त्या पोराच्या दारात हा स्वतः कंदील धरून मागकऱ्याला घेऊन चालला होता.

त्यानं बंदूक उचलली. टप्! टणक गोळी घोंगड्यातनं गेली. दुसरी भरली. टप्! तीही गेली. घोंगड्याला भोकसुद्धा नाही.

"सुईगत गेली," मागकरी म्हणाला. "त्या भेकरालाबी आशीच गेली. मऊ नाकाची हाय न्हवं मुंडाशात? ती घाल. मग पडतो मी."

हैबतीचा हात मुंडाशाला गेला. गोळी हातात आली. आणि मग त्याला राऊचं बोलणं आठवलं. मऊ नाकाची आत जाऊन फुलते. आत म्हणजे मांसात. ह्याला कुठलं आलं मांस? हा मागतोय त्या अर्थी ही गोळी ह्याच्यासाठी नाहीच. ज्याच्यासाठी आहे ते डोहावर पडलंय.

त्यानं गोळी खिशात कोंबली, पाठ फिरवली आणि पळत सुटला. वर, रानाकडं, शेपट्यांच्या दिशेनं. मागनं भागूची हाक आली, "अवं, लेकरू बघा कसं करतंय! घरला या!" हुबेहूब भागू. त्याचे पाय अडखळले. मग पोराचं रडणं आलं, केविलवाणं. बापाला ते ऐकून पुढं जाणं किती कठीण, ते बाप असाल तर कळेल. हा रडत होता, स्वतःला शिव्या घालत होता, पण वळला नाही. दगडाला ठेच लागली, कंदील फुटला. रांगत, चाचपत, ओल्या गवताला हात लावत तो शेतामागनं डोहाकडं चढला.

आणि मग मागची हाक बंद झाली. सगळं शांत. म्हणाल, सुटला. कसला सुटला! हैबतीला बरोबर कळलं. मागकरी आता त्याच्या मागं नव्हता. तो एकटाच घराकडं गेला होता.

डोहाच्या काठाला घरघर ऐकू आली. भेकर पाण्यात तोंड घालून पडलं होतं, उठायला बघत होतं. ह्यानं खिशात हात घातला. आत पुडा फुटून सगळ्या गोळ्या एकत्र झालेल्या. जाडीला सारख्या, अंधार मिट्ट. चुकीची भरली तर भेकर पुन्हा पळणार, आणि मग सगळंच संपलं. त्यानं एकेक गोळी काढून टोकाला नख लावलं. तांबं, घसरलं. टाकली. तांबं, घसरलं. टाकली. तिसरीत नख रुतलं. शिसं! ती भरली. नळी भेकराच्या कानामागं टेकवली. "चुकलो," म्हणाला. टप्.

घरघर थांबली.

आता घरात काय चाललं होतं ते ऐका. हे भागूनं सांगितलेलं. राऊ ओसरीवर घोरत होता, पलटणीत एवढंच शिकवतात की काय कोण जाणे. भागू पोराला घेऊन जागी. अंगणात कुणी हुंगतंय असं तिला वाटलं. दाराच्या फटीतनं बघितलं, तर एक घोंगडंवाला वाकून भुई चाचपत उंबऱ्याकडं येत होता. त्याचं बोट पुढं पुढं येऊ लागलं तसं पोराच्या छातीत घरघरायला लागलं. ओठावर फेस आला. गुलाबी. तिनं पोराला नुसतं घट्ट धरलं.

तेवढ्यात लांब डोंगरात टप् झालं. पोरानं खसकन श्वास घेतला आणि टाहो फोडला. घोंगडंवाला उभा राहिला. "माग तुटला," म्हणाला, आणि गेला.

हैबती पहाटे आला तो रिकाम्या हातानं. भेकर त्यानं तिथंच पुरलं, कातडं सोलायचं धाडस झालं नाही. राऊला बंदूक दिली ती जन्मात परत हातात घेतली नाही. पोर गोधडीवरच वाढलं. भित्रं निघालं. झुरळ बघितलं तरी खाटेवर चढायचं, ते मी स्वतः बघितलं आहे. कारण ते पोर म्हणजे माझा बाप, आणि हैबती माझा आजा. आजोबांची ती एक गोळी चुकली असती, तर आज तुम्हाला ही गोष्ट सांगायला मी नसतो, आणि तुम्ही आपापल्या घरी सुखानं झोपला असता.

आणि सर्जेराव, त्या जागेवर का बसायचं नाही, आता बघ. कंदील धर खाली. सगळं अंगण सारवलेलं आहे, पण तेवढ्यावर शेण टिकत नाही. आजीनं सारवलं, आईनं सारवलं, आता सून सारवते. सकाळी सारवलं की संध्याकाळपर्यंत तेवढंच उकलून पडतं, आणि खालचा डाग दिसतो. त्याला शेपटी आहे बघ. आमच्या दाराकडनं रानाकडं.

खरं-खोटं तुमचं तुम्ही ठरवा, मला त्याचं काही नाही. पण आता उठा, आणि पल्याडच्या वाडीला जाणाऱ्यांनी धारेवरनं जा. कोंडीतनं लवकर पोचाल. पण एकटे पोचणार नाही.