अकरावी सही

नकुशी : दहाजणींनी केली, अंजना. तुझी एकटीचीच सही ऱ्हायली.

अंजना : कागद वाचला का कुणी?

नकुशी : आपल्या वकिलानं सांगितलं तेवढंच. दरेकीला नवा कुकर, तुला डोळ्याची भरपाई, आन् केस मागं घ्यायची. पर अकराजणींची सही पायजे. एक जरी ऱ्हायली तर कंपनी कुणालाच काय देणार न्हाई.

अंजना : म्हंजी म्या न्हाई म्हणलं, की सगळं खुटबाव माझ्या नावानं बोटं मोडणार.

नकुशी : मोडंल. सत्त्याण्णवपासनं पुण्याच्या ग्राहक मंचात खेपा घालतोय. पाच वरसं झाली. दर तारखेला शेवंतीची तोडणी बुडती. आमचे हे म्हणत्यात, अकराजणींनी त्योच कुकर घेतला, पर फुटला अंजनाचा, तू कशाला जातीस?

अंजना : झाकण उडालं तवा पयली तूच पळत आलीस. टेम्पोत घालून यवतला नेलंस, तितनं पुण्याला. हा एक डोळा ऱ्हायला तो तुझ्यामुळं. दुसरी कुणी कागद घिऊन आली आसती, तर दारातनंच परत धाडली आसती.

नकुशी : त्याचं वझं घालायला न्हाई आले. दमले गं.

अंजना : मी काय दमले न्हाई व्हय? कंपनीचा वकील दर खेपंला इचारतो, रबर नीट बसवलं हुतं का? आता कधी कधी मलाच वाटतं, न्हवतं बसवलं.

नकुशी : बसवलं हुतंस. म्या साक्ष दिलीया.

अंजना : आण तो कागद. हे बघ, काय लिवलंय. 'कुकरमध्ये कोणताही दोष नव्हता, हे आम्हांला मान्य आहे.' त्याच्या खाली तुझी सही हाय.

नकुशी : हे न्हाई सांगितलं त्यानं.

अंजना : म्या एकच मागत हुते. पेपरात जाहिरात द्या, हे कुकर वापरू नका, परत आणून द्या म्हणून. यवतच्या दुकानात अजून त्येच मांडल्यात. त्याचं ह्यात एक अक्षर न्हाई. आन् जुने कुकर आठ दिवसांत जमा करायचेत. तुझा घरात हाय न्हवं?

नकुशी : आमच्या शितलला दिला.

अंजना : कवा?

नकुशी : लेकीच्या लग्नाच्या भांड्यांत. आमच्याकडं नुसता फळीवर पडून हुता. म्हणलं, नवाच्या नवा हाय.

अंजना : शेजारी फोन हाय. आत्ता लाव मांडवगणला, तिच्या सासरी.

(नकुशी फोन करून येते आणि उंबऱ्यातच बसते.)

अंजना : काय म्हणाली?

नकुशी : वाफ शिट्टीतनं कमी, कडंनं जास्त येती म्हणं. सासू झाकणाला फडकं गुंडाळती. म्हणलं, उतरव तो, परत चढवू नगं. तर इचारती, आई, तुला म्हाईत हुतं ना?

अंजना : मग?

नकुशी : फोन ठिवला म्या. सकाळच्या गाडीनं जाते, घिऊन येते तो. हा कागद फाडू?

अंजना : फाडू नगं. बाकीच्या नऊजणींना वाचून दाखवायचा हाय.

नकुशी : तू वाच. शितलचं मी सांगते.