दोन घरांची भट्टी

बाहेर बर्फ भुरभुरत होता. मिनेसोटातल्या आमच्या गावच्या दवाखान्यात, शेजारच्या बाकावर म्हातारा वेइक्को आणि त्याची बायको आइली वेइक्कोच्या ऑपरेशनची वाट पाहत बसले होते. त्याचं आणि शेजारी राहणाऱ्या त्याच्या भावाचं घर अंगणातल्या एकाच लाकडाच्या भट्टीवर गरम राहतं.

"घरी चल, आइली. अंगणातली भट्टी विझली, तर नळ गोठतील."

"सकाळी तुझा भाऊ लाकडं घालतोच की."

"संध्याकाळची पाळी माझी. मी इथे आहे हे रेइनोला कोण सांगणार? आईला पुरल्यापासून आम्ही बोलत नाही."

"मी घालीन."

"तुला ओंडके उचलवतात का, बाई?"

"काल संध्याकाळी तुला इथे ठेवून घरी गेले, तर भट्टी आधीच गच्च भरलेली."

"कसलं लाकूड?"

"बर्च. बारीक फोडलेलं."

"त्याचंच ते. भराभर जळतं. पहाटेआधी पुन्हा उठावं लागलं असेल गाढवाला."

"उठला होता. मी खिडकीतून पाहिलं."

तेवढ्यात नर्सने वेइक्कोचं नाव पुकारलं.

"त्याला सांग, माझ्या ढिगातला मेपल घाल म्हणावं. रात्रभर टिकतो."

"मी नाही सांगायची. तूच सांग, घरी आल्यावर."

वेइक्कोने लोकरीची टोपी काढून तिच्या हातात दिली.

"बरं. सांगतो."